नागपूरच्या आडवाटांवर एकट्याने मोटारसायकल फिरवायची असेल तर

नागपुरातून निघणारे मोठे रस्ते सगळ्यांना पाठ असतात. वर्धा रोड, अमरावती रोड, काटोल रोड, सावनेरवरून जाणारा छिंदवाडा रोड, कामठी, भंडारा, उमरेड. यातल्या कुठल्याही दोन रस्त्यांच्या मधे शेकडो गावं आहेत आणि त्यांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते आहेत. मला मोटारसायकलवर खरा आनंद मिळतो तो याच रस्त्यांवर. बाजूला कापूस, तूर, पुढे संत्र्याची बाग, मग एक नाला, मग गाव, पार, शाळा आणि पुन्हा कापूस.

रोज ऑफिसला गाडीने जाता, पण एकट्याने गावखेड्यांतून कधी गेला नाहीत, अशांसाठी हा लेख आहे. लांब पल्ला गाठणाऱ्यांसाठी नाही. इथे वेगाला काही किंमत नाही. गावरस्त्यावर गाडी ताशी ३०-४० च्या वर न्यायची नाही हे आधीच ठरवून घ्या. या लेखातल्या बहुतेक सूचना तेवढं पाळलं की आपोआप पाळल्या जातात.

१. आधी महिना बघा

नागपूरकराला उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको, पण मोटारसायकलवर ऊन वेगळंच लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि चालत्या गाडीवरची हवा गार करत नाही, अंगातलं पाणी ओढून घेते. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत निघायचंच असेल तर पहाटे साडेपाचला निघा आणि नऊला घरात या. त्यापलीकडे हौस करू नका.

नवख्यासाठी सर्वात चांगला काळ दिवाळी ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, पुढे कापसाची वेचणी सुरू होते, पूर्वेकडे रामटेक, मौदा, कुही या पट्ट्यात धान कापलं जातं. नोव्हेंबर-डिसेंबरात काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या बागांत आंबिया बहाराचा संत्रा पिवळा झालेला असतो. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलायला लागतो, आणि उमरेडच्या बाजूला तो बघण्यासारखा असतो.

पावसाळ्यात हिरवळ भुरळ घालते, पण पहिल्या काही फेऱ्या पावसाळ्यात करू नका. काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांतून डांबरावर येते आणि पाऊस पडला की त्यावर चाक थांबत नाही. दुसरं म्हणजे विजा. विदर्भात जून ते सप्टेंबर शेतात वीज पडून माणसं दगावतात. आभाळ गडगडायला लागलं तर झाडाखाली थांबायचं नाही. शाळेचा व्हरांडा, ग्रामपंचायत, कुठलीही पक्की इमारत गाठायची. मोबाइलमध्ये 'दामिनी' ॲप ठेवा, जवळपास वीज पडण्याची शक्यता ते आधी दाखवतं.

२. किलोमीटर नंतर, उजेड आधी

गावरस्त्यावर लहानसहान थांबे धरून सरासरी ताशी २५ किलोमीटर पडतात. म्हणजे ८० किलोमीटरच्या फेरीला तीन-सव्वातीन तास, आणि चहा, नाश्ता, एखादं देऊळ, रस्ता चुकणं हे सगळं धरून पाच ते सहा तास. सकाळी सातला निघालात तर एकच्या सुमारास घरी. पहिली फेरी एवढीच ठेवा.

डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. अंधार पडायच्या एक तास आधी मोठ्या रस्त्याला लागलेलं असायचं, हा नियम कधी मोडू नका. अंधारात गावरस्त्यावर काय काय असतं ते पुढे येईलच.

थंडीत फार लवकर निघण्यातही अर्थ नाही. जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो, आणि कन्हानच्या काठाला किंवा तलावांच्या आसपास धुकं असेल तर आठपर्यंत काही दिसत नाही. हातमोजे नसतील तर बोटं आखडतात आणि ब्रेक दाबायला उशीर होतो. साधे कापडी हातमोजेही चालतात.

३. गाडी

नवी गाडी घेण्याची गरज नाही. १०० ते १५० सीसीची रोजची गाडी या कामाला उत्तम. हलकी असते, पडली तर एकट्याला उचलता येते, आणि तिचे पार्ट तालुक्याच्या ठिकाणी मिळतात. मोठ्या, जड गाडीचा पार्ट मात्र तालुक्यात मिळेलच असं नाही.

निघण्याच्या दोन दिवस आधी गाडी बघा, आदल्या रात्री नाही. काही निघालं तर दुरुस्तीला वेळ हवा.

- टायर: नक्षी गुळगुळीत झाली असेल तर बदला. हवा गाडी थंड असताना भरा. किती भरायची ते चेनच्या कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतं.
- ब्रेक: पुढचा आणि मागचा वेगवेगळा दाबून बघा.
- चेन: खालच्या बाजूने बोटाने वर-खाली करून बघा, साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. फार ताठही वाईट, ढिलीही वाईट. साफ करून ऑइल द्या.
- हॉर्न, हेडलाइट, मागचा लाल दिवा, इंडिकेटर.
- क्लच वायर: लिव्हरजवळ तिचे तंतू तुटायला लागलेत का बघा.

क्लच वायरबद्दल एक चांगली युक्ती आहे. मेकॅनिकला सांगून नवी वायर जुनीच्या शेजारून ओढून, दोन्ही टोकं मोकळी ठेवून बांधून घ्या. वाटेत जुनी तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. टाकी काढावी लागत नाही, हेडलाइट उघडावा लागत नाही. पाच-दहा मिनिटांचं काम होतं. मेकॅनिककडे असाल तेव्हा टोकं कशी लावायची ते स्वतःच्या हाताने एकदा करून बघा.

तुमचा टायर ट्यूबवाला आहे की ट्यूबलेस हेही विचारून घ्या. अनेकांना आपल्या गाडीचं हे माहीत नसतं, आणि पंक्चर झाल्यावर काय करायचं ते यावरच ठरतं.

४. कागदपत्रं

- लायसन्स (मोटारसायकलचं, शिकाऊ नव्हे)
- आरसी
- विमा, निदान थर्ड पार्टी, मुदत संपलेली नसावी
- पीयूसी. हीच नेमकी संपलेली निघते, तारीख बघा

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं चालतात. पण कागदाचा फोटो काढून गॅलरीत ठेवला म्हणजे झालं, असं नाही. ॲपमध्येच दाखवावं लागतं, आणि तपासणी जिथे असते तिथे नेटवर्क असेलच असं नाही. म्हणून मी मूळ लायसन्स आणि विम्याची छापील प्रत सोबत ठेवतो. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावून घेतली आहे ना, तेही बघा.

एका चिठ्ठीवर नाव, रक्तगट, कुठलं औषध चालत नाही ते आणि घरच्या दोघांचे नंबर लिहून पाकिटात ठेवा. फोन लॉक असतो, चिठ्ठी कुणालाही वाचता येते.

५. सोबत काय घ्यायचं

हेल्मेट आयएसआय मार्कचं आणि नीट बसणारं. पट्टा लावून हेल्मेट हलवा, डोकं हललं पाहिजे, नुसतं हेल्मेट नाही. काच पारदर्शक हवी. काळ्या काचेने संध्याकाळी आणि झाडांच्या सावलीत खड्डा दिसत नाही.

पायात बूट. चप्पल, सँडल नको. पूर्ण बाह्यांचं जाड शर्ट किंवा जॅकेट, जीन्स, आणि आपला नागपुरी दुपट्टा. धूळ, ऊन, थंडी, तिन्हीला तो पुरतो.

छोट्या बॅगेत:

- गाडीसोबत आलेले पाने, प्लग पाना आणि एक नवा प्लग
- ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि लहान पंप. ट्यूबवाला असेल तर पुढची-मागची एकेक ट्यूब (पंक्चरवाला गावात भेटतो, तुमच्या मापाची ट्यूब भेटत नाही)
- फ्यूज, इन्सुलेशन टेप, थोडी तार, जाड दोरी
- दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, ओआरएसची पाकिटं
- बँडेज, कापूस, अँटिसेप्टिक, एक स्वच्छ मोठा रुमाल
- पॉवर बँक आणि टॉर्च
- १०, २०, ५० च्या नोटा

बॅग पाठीवर घेऊ नका. दोन तासांनी खांदे भरून येतात आणि मग लक्ष रस्त्यावर राहत नाही. मागच्या सीटवर बंजी दोरीने बांधा आणि दोरीची मोकळी टोकं चाकापासून दूर ठेवा.

६. पहिली फेरी: कळमेश्वर, धापेवाडा, आदासा, सावनेर

नवख्याला मी हीच फेरी सांगतो. सगळं मिळून ८०-९० किलोमीटर होतं, कुठेही तालुक्याचं ठिकाण फार दूर राहत नाही, आणि रस्ता चुकलात तरी शेवटी कळमेश्वर नाहीतर सावनेरलाच लागता.

काटोल नाक्यावरून काटोल रोडने निघा, फेटरी मागे टाका, कळमेश्वर गाठा. इथपर्यंत रहदारी असते, घाई करू नका. कळमेश्वरला टाकी भरून घ्या आणि नाश्ता करा. तर्री पोहे किंवा आलूबोंडा जिथे गर्दी आहे तिथेच खायचा, कारण तिथेच तो ताजा असतो.

कळमेश्वरवरून धापेवाड्याचा रस्ता धरला की गाडी आपोआप हळू होते. धापेवाडा हे चंद्रभागेच्या काठचं विठ्ठलाचं ठिकाण, याला विदर्भाची पंढरी म्हणतात. देवळाच्या मागच्या बाजूला घाटावर बसायला जागा आहे. आषाढात इथे दिंड्या येतात, तेव्हा हा रस्ता गाडीसाठी टाळलेला बरा. वारकऱ्यांच्या गर्दीतून हॉर्न वाजवत जाणं शोभत नाही.

तिथून आदासा जवळच. टेकडीवरचा आदाशाचा गणपती विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. चतुर्थीला आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, एरवी शांत. टेकडीवरून सभोवतालची शेतं दिसतात आणि आपण आलो तो रस्ताही ओळखू येतो. इथे निदान अर्धा तास बसा, गाडीलाही थंड होऊ द्या.

आदाशावरून सावनेर, आणि सावनेरवरून पाटणसावंगी, कोराडीवरून नागपूर. हा शेवटचा टप्पा मोठ्या रस्त्याचा आहे आणि या फेरीतला सर्वात धोक्याचाही तोच. सावनेरच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत, खापरखेडा आणि कोराडीला वीजकेंद्रं आहेत, त्यामुळे जड ट्रक सतत चालतात. सकाळभर शांत रस्त्यावर चालवून मन सैल झालेलं असतं. म्हणून सावनेरला चहा घ्या, पाच मिनिटं थांबा आणि मग निघा.

७. दगड आणि बोर्ड वाचा

नकाशापेक्षा रस्त्याच्या कडेचे दगड जास्त उपयोगी पडतात. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर बहुतेक जिल्हा मार्ग, नारंगी असेल तर गावरस्ता. बोर्डावर 'प्रजिमा' म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, 'इजिमा' म्हणजे इतर जिल्हा मार्ग, 'ग्रामा' म्हणजे ग्राम मार्ग. आपल्याला इजिमा आणि ग्रामा हवेत.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी मोठा बोर्ड असतो. त्यावर रस्ता कुठून कुठे जातो, लांबी किती, काम कधी पूर्ण झालं हे लिहिलेलं असतं. या रस्त्यांची पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते. म्हणून काम पूर्ण झाल्याची तारीख जवळची असेल तर रस्ता चांगला असण्याची शक्यता जास्त. आणि बोर्डावर शेवटचं नाव ज्या गावाचं आहे तिथे बहुतेकदा डांबर संपतं, पुढे पांदण असते.

पांदण म्हणजे शेतात जाणारी बैलबंडीची वाट. मोबाइलचा नकाशा तिलाही रस्ता समजतो आणि 'दहा मिनिटं वाचतील' म्हणून तिथे वळवतो. कोरड्या दिवसात पांदणीतून जाता येतं, पण चाकोरीच्या दोन खोल घळी आणि मधला उंचवटा यात नवख्याची गाडी हमखास आडवी होते. जून ते दसरा तर पांदणीचं नावही काढू नका. काळा चिखल मडगार्डमध्ये इतका भरतो की चाक फिरत नाही.

नकाशाबद्दल आणखी दोन गोष्टी. तो भाग आधी ऑफलाइन उतरवून ठेवा. आणि ॲपमध्ये दुचाकी निवडा, नाहीतर हिंगण्याच्या बाजूला ते तुम्हाला समृद्धी महामार्गावर चढवायला बघेल. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे.

८. वाट विचारायची पद्धत

"हा रस्ता धापेवाड्याला जातो का?" असं विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो, आणि तसं बघितलं तर प्रत्येक रस्ता कुठून तरी धापेवाड्याला जातोच. "धापेवाड्याचा रस्ता कोणता?" असं विचारा. मग त्याला सांगावंच लागतं.

गाडी बंद करा, हेल्मेट काढा, आधी राम राम करा. जय भीम म्हणणारं गाव असेल तर जय भीम. मोठ्या माणसाला काकाजी, बाईमाणसाला मावशी किंवा ताई. मग उत्तर असं येतं:

"थे पाहा ना भाऊ, पुढं चिचेचं झाड लागते. तेथून डाव्या हाताले वळा. सिद्दे नोका जाऊ, थो रस्ता वावरातच सरते."

या एका उत्तरात वळण, खूण आणि चुकीचा रस्ता कुठे संपतो, तिन्ही आलं. खूण तोंडाने परत म्हणा, म्हणजे चूक असेल तर ते तिथेच दुरुस्त करतात. अंतर मात्र त्यांच्या सांगण्यावर धरू नका. 'हे काय, जवळच' हे दोन किलोमीटरही असतं आणि नऊही. आणि शेवटी एक प्रश्न नक्की विचारा: "गाडी निघते का तिथून? रपट्यावर पाणी आहे का?" रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. ट्रॅक्टर जाणारा प्रत्येक रस्ता मोटारसायकलचा नसतो.

९. रस्त्यावर काय काय सांभाळायचं

हा भाग लांब आहे, पण नीट वाचा.

कडेची पट्टी. गावरस्त्याचं डांबर साधारण पावणेचार मीटर रुंद असतं, कुठे तीनच. समोरून ट्रॅक्टर आला की उतरायचं तुम्हालाच. डांबर आणि मुरमाच्या पट्टीत चार बोटांची उतरण असते. वेगात उतरलात तर पुढचं चाक वळतं. आधी गाडी अगदी हळू करा, मग उतरा, ट्रॅक्टर जाऊ द्या. परत चढताना डांबराच्या कडेला समांतर घासत चढू नका, तिरपं वळवून चढा.

वाळत घातलेलं पीक. ऑक्टोबर ते जानेवारी सोयाबीन, धान, तूर रस्त्यावरच पसरलेलं असतं. कुठे मळणीही रस्त्यावर चालते. दाण्यावर चाक घसरतं, त्यावर ब्रेक मारू नका, वळू नका. वाळलेलं काड चेनमध्ये गुंडाळतं, आणि गरम सायलेन्सरला चिकटलं तर पेट घेऊ शकतं. मोकळी पट्टी ठेवलेली असते, तिथून पायांच्या आधाराने सावकाश जा. ते त्या घराचं वर्षाचं उत्पन्न आहे, त्यावरून गाडी घालायची नाही.

कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली. कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. तो हाताने खूण करेपर्यंत मागेच राहा. अंधारात अशा ट्रॉलीला मागे दिवा नसतो. बैलबंडीलाही नसतो. अंधाराआधी मोठा रस्ता गाठायचा म्हणतो तो यासाठी.

गुरं. संध्याकाळी परतणारा कळप समोर आला की गाडी बाजूला लावून इंजिन बंद करा. गुराखी वाट काढून देतो. एकटी गाय किंवा बैल आडवा जात असेल तर त्याच्या शेपटीच्या बाजूने जा, जनावर पुढेच सरकतं. हॉर्न वाजवला की ते कुठे उडी मारेल सांगता येत नाही.

रोही आणि रानडुक्कर. आपल्याकडे नीलगाईला रोही म्हणतात. एक रस्ता ओलांडून गेला की लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरा येतो.

गतिरोधक. गावाच्या तोंडाशी, शाळेसमोर, आणि जिथे कधी अपघात झाला तिथे गावकऱ्यांनी घातलेले. त्यांना रंग नाही, बोर्ड नाही, उंची मनमानी. पहिलं घर दिसलं की दुसऱ्या गिअरवर या.

रपटा. नाल्यावरच्या या बुटक्या पुलाला कठडा नसतो. वरून पाणी वाहत असेल, मग ते घोट्याएवढंच का असेना, परत फिरा. खाली काँक्रीट शाबूत आहे की वाहून गेलं हे वरून दिसत नाही. पाणी ओसरलेल्या रपट्यावर शेवाळ असतं, तिथे सरळ आणि एकसारखं चालवा.

रेल्वे. फाटकातले रूळ काटकोनात ओलांडा, तिरपे नाही. फाटकांऐवजी झालेल्या अंडरपासमध्ये पावसाचं पाणी साचतं, खोली कळत नाही.

रेतीचे टिप्पर. कन्हान, वैनगंगेच्या बाजूला हे अरुंद रस्त्यावरही जोरात येतात. लांबून धुरळा दिसला की तुम्हीच थांबा. जिथून ते वळतात तिथे डांबरावर रेती सांडलेली असते.

कुत्री. पळवू नका, लाथ मारू नका. हळू करा, ती कंटाळून परत जातात.

आणि एक गोष्ट गाडीवरून उतरल्यावरची. लघवीला किंवा फोटोला म्हणून शेतात शिरू नका. रानडुकरं येऊ नयेत म्हणून काही जण कुंपणाच्या तारेत चोरून करंट सोडतात. त्याने माणसं गेली आहेत. कठडा नसलेल्या विहिरीही गवतात लपलेल्या असतात. रस्त्याच्या कडेलाच राहा.

१०. गावात वागायचं कसं

गावात एक अनोळखी माणूस हेल्मेट घालून थांबला की चारजण बघणारच. "कोणतं गाव जी?" हा पहिला प्रश्न. संशयापेक्षा त्यात चौकशी जास्त असते. खरं सांगा: नागपूरहून आलो, फिरायला. नुसतं फिरायला कुणी येतं हे अनेकांना पटत नाही, तेव्हा पुढच्या देवळाचं नाव सांगितलं की समाधान होतं.

फोटो विचारून काढा. बायका वेचणीला वाकलेल्या असतात, त्यांचा फोटो न विचारता काढणं वाईट. लहान मुलांचे फोटो काढूच नका.

संत्रं तोडू नका, एकही नाही. बाग बहुतेकदा झाडावरच व्यापाऱ्याला विकलेली असते, त्यामुळे शेतकऱ्यालाही ती वाटता येत नाही. विकत मागा. तोडणी चालू असेल तर पाच-सहा संत्री हातावर ठेवतातच, पण पैसे आधी पुढे करा.

पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर सजवलेले बैल तोरणाखाली जमतात आणि गावातला मुख्य रस्ता बंदच असतो. बघायला जरूर जा, पण गाडी गावाबाहेर ठेवा. दिवाळीनंतर कुहीच्या पलीकडे, झाडीपट्टीच्या बाजूला मंडई म्हणजे गावच्या जत्रा भरतात, तेव्हाही तसंच. आठवडी बाजार असेल तर मात्र मुद्दाम थांबा, ताजी भाजी घरी नेता येते.

११. एकटे आहात, म्हणून

निघताना घरी एका माणसाला सांगा: कुठून जाणार, कुठून परत येणार, किती वाजेपर्यंत. ठरलेल्या दोन ठिकाणांवरून फोन करा. लाइव्ह लोकेशन द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका, कारण नाल्याच्या पट्ट्यात आणि जंगलालगत नेटवर्क जातं. रस्ता बदलला तर बदलण्याआधी कळवा.

पेट्रोल अर्धं झालं की भरा. पंप तालुक्याच्या ठिकाणी आणि मोठ्या फाट्यांवर असतात. मधल्या गावात किराणा दुकानात बाटलीतलं मिळतं, पण भेसळीचा भरवसा नाही.

गाडी बंद पडली तर आधी सोपं बघा: किल स्विच, पेट्रोलचा कॉक, प्लगची कॅप, फ्यूज. मग पुढच्या गावापर्यंत ढकला किंवा येणाऱ्या ट्रॅक्टरला हात दाखवा. गावाकडे माणसं थांबतात.

पडलात तर लगेच उठू नका. हातपाय हलवून बघा, मग गाडीपासून बाजूला व्हा. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, इतर कुठल्याही मदतीसाठी ११२. ठिकाण सांगताना गावाचं नाव, जवळचा फाटा आणि शेवटच्या दगडावरचा किलोमीटर सांगा. म्हणून येणारा प्रत्येक दगड वाचत जायची सवय लावून घ्या.

बाईने एकटीने जायचं तर वाटेतली माणसं मदतच करतात, असं या रस्त्यांवर फिरणाऱ्या मैत्रिणी सांगतात. तरी त्या दोन गोष्टी पाळतात: थांबायचं ते बस स्टँड, देऊळ, शाळा किंवा बाया बसलेल्या पारापाशी, आणि पुढे कुठे जाणार ते अनोळखी माणसाला नेमकं सांगायचं नाही.

जंगलालगतचा रस्ता असेल तर वेगळी काळजी. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, तिन्हीकडे वाघ आहे. मधे थांबायचं नाही, उतरायचं नाही, अंधारात तो रस्ताच धरायचा नाही. सफारीच्या फाटकातून दुचाकी आत नेता येत नाही, उगाच विचारू नका.

१२. यानंतर कुठे

दोन-तीनदा सावनेरची फेरी झाली की आंभोरा करा. उमरेड रोडने कुही फाटा, तिथून कुही, मांढळ, वेलतूर. आंभोऱ्याला कन्हान, आंब आणि आणखी नद्या वैनगंगेला मिळतात, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे आणि केबलचा नवा पूल भंडारा जिल्ह्यात उतरतो. गोसीखुर्द धरणाचं पाणी इथपर्यंत पसरलंय, त्यामुळे जुन्या नकाशातल्या काही वाटा आता पाण्याखाली आहेत. इथे नकाशापेक्षा माणसांना विचारा. जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास किलोमीटर होतात, म्हणून पूर्ण दिवस ठेवा.

रामटेकला जाताना मनसरचा महामार्ग सोडून नगरधनच्या बाजूने जा. भाताच्या बांध्यांमधून रस्ता जातो आणि किल्ल्यापाशी सहसा कुणी नसतं. रामटेकच्या टेकडीवर, म्हणजे रामगिरीवर, बॅग गाडीला बांधून ठेवू नका, तिथली वानरं बॅगेची चेन उघडायला शिकलेली आहेत.

डिसेंबरात कोंढाळीवरून काटोल आणि तिथून कळमेश्वरमार्गे परत, हा संत्र्याचा रस्ता. या दिवसांत ट्रक भरभरून जात असतात, तेव्हा सकाळी लवकर आटपा.

१३. परत आल्यावर

त्याच संध्याकाळी चेन पुसून ऑइल द्या. मडगार्डच्या आतला चिखल ओला असतानाच काढा, काळी माती वाळली की निघत नाही. नंबरप्लेट, आरसे, फूटरेस्ट आणि सायलेन्सरचे नट हाताने हलवून बघा, खडबडीत रस्त्याने हेच आधी ढिले होतात. टायरमध्ये बाभळीचा काटा अडकलाय का ते चाक फिरवून बघा; ट्यूबलेसमध्ये तो चार दिवस कळत नाही.

एक वही ठेवा. कुठल्या फाट्यावरून वळलात, रस्ता कसा होता, पंक्चरवाला कुठे दिसला, चहा कुठे चांगला मिळाला, कुठला रपटा फुटलाय, तारीख टाकून लिहा. पुढच्या मोसमात तिकडे जायच्या आदल्या दिवशी ते पान काढून वाचा.